पडद्यासमोरचा पाट

कीर्तनाला एकच श्रोता असला तरी बुवा उभे राहतात, आणि एकही नसला तरी उभे राहतात. रामकथा असेल तिथे मारुतीरायासाठी एक पाट मांडलेला असतोच. त्यावर कोण येऊन बसलंय हे बघायचं काम आपलं नव्हे. विश्राम ओगल्यांना वडिलांकडून मिळालेली शिदोरी म्हणायची तर एवढीच. वडील झीलकरी होते. बुवांच्या मागे झांजा घेऊन उभं राहायचं, बुवांनी टाकलेली ओळ उचलून धरायची आणि पुन्हा गप्प व्हायचं. जन्मभर मागे उभ्या राहिलेल्या त्या माणसाला पाटाचं मात्र भारी अगत्य. देवळात शिरले की आधी पाट मांडणार, त्यावर चिमूटभर अक्षता ठेवणार, मग घसा खाकरणार.

पुढे डोंबिवलीच्या केबल चॅनेलवर मुलांना गोष्टी सांगायला बोलावणं आलं, त्या पहिल्याच संध्याकाळी विश्रामकाकांनी घरून पिशवीत घालून एक पाट नेला आणि कॅमेऱ्याशेजारी मांडला. केबलचा मालक गुणाजी भोईर तेव्हा अगदीच पोरसवदा होता.

"काका, खुर्ची हाय ना," तो म्हणाला.

"माझ्यासाठी नाही रे. ऐकणाऱ्यासाठी."

गुणाजीने पाटाकडे पाहिलं, पाटावर कोणी नाही ते पाहिलं, आणि देवाच्या भानगडीत आपण पडू नये म्हणून वायरी जोडायला लागला.

कार्यक्रमाचं नाव 'दिवेलागण'. रोज संध्याकाळी सात ते साडेसात. मानपाडा रस्त्यावर रंभाबाईंच्या पिठाच्या गिरणीवरची खोली हाच स्टुडिओ. सात वाजले की रंभाबाई गिरणीचा पट्टा थांबवायच्या, आणि दळण घेऊन आलेली माणसं डबे मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहायची. वर गोष्ट चाललीय म्हटल्यावर कोणाची कुरकुर नसे. आधी प्रार्थना, मग गोष्ट, आणि शेवटी वाढदिवस.

वाढदिवस हा त्या कार्यक्रमाचा प्राण होता. ज्या मुलाचा वाढदिवस असेल त्याचं नाव आधी फोन करून कळवायचं. त्या संध्याकाळी घरी टीव्हीसमोर पाट मांडायचा, भोवती रांगोळी काढायची, मुलाला टोपी घालून पाटावर बसवायचं. काका नाव घ्यायचे, आणि पडद्यावर दोन हात यायचे. हिरव्या बांगड्यांचे, तबक धरलेले. निरांजन ओवाळायचे ते थेट कॅमेऱ्याला, म्हणजे तिकडे पाटावर बसलेल्या मुलाला. हात काकांच्या बायकोचे, देवयानीकाकूंचे. त्या कधी पडद्यावर दिसल्या नाहीत. दिसले ते हात. ओवाळून झालं की काकू सवयीने अक्षता टाकायला जायच्या आणि गुणाजी ओरडायचा, "काकू, काच!"

कल्याण-डोंबिवलीत आज नोकरीला लागलेली कितीतरी मुलं त्या हातांनी ओवाळलेली आहेत. त्यांना ते आठवत असेल किंवा नसेल.

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. दिवस झाल्यावर काका स्टुडिओत आले आणि स्वतःच तबक धरलं. त्या संध्याकाळी एका लहान मुलीचा फोन आला. "काकूंचे हात कुठे गेले?" तिने विचारलं. काकांनी काय उत्तर दिलं ते गुणाजीने ऐकलं नाही, कारण तो मुद्दाम खाली चहा सांगायला गेला होता.

त्यानंतर मुलांचे फोन हळूहळू थांबलेच. त्यात काकूंचा काही संबंध नव्हता. भांडून उठून गेल्यासारखं कोणी उठलं नाही. कीर्तन लांबलं की मागचे श्रोते चपला हातात घेऊन पाय न वाजवता निघतात ना, तसं झालं. बुवा डोळे मिटून आळवत असतात, आणि डोळे उघडतात तेव्हा समोर नुसती सतरंजी.

*

मार्गशीर्ष लागला त्या आठवड्यात गुणाजी पायऱ्या चढून वर आला. आता तोही पन्नाशीचा होता, गुडघ्यावर हात ठेवून चढायचा. काका निरांजन पुसत बसले होते.

"काका, एक सांगू? रागावू नका."

"तू 'रागावू नका' म्हणालास म्हणजे बंद करतोयस."

गुणाजी खुर्चीत बसला. "शनिवारी शेवटचा," मग म्हणाला. "चॅनेलच बंद करतोय. पेट्या काढून देतात लोकं. म्हणतात नुसतं इंटरनेट ठेव, बाकी नको. माझ्याच घरात माझी पोरं माझं चॅनेल बघत नाय, मी कोणाला बोलू?"

"काय बघतात मग?"

"तो सर्वेश बघतात. दिवसभर सर्वेश. जेवताना सर्वेश. मोबाईल काढून घेतला तर जेवत नाय." गुणाजीने खिडकीतून खांबाकडे बोट केलं, जिथून त्याच्या वायरी डोंबिवलीपासून कल्याणपर्यंत आणि पुढे आंबिवलीपर्यंत गेल्या होत्या. "वायर तीच हाय काका. विहीर तीच, मोट तीच. पाणी दुसरं."

काकांनी निरांजन तबकात ठेवलं. "शनिवारी वाढदिवस एकच आहे ना?"

"हाय ना. एकच. दरवर्षीचा."

म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक होतं. आंबिवलीच्या कलावतीबाईंचा फोन. बाई सत्तरीच्या पुढच्या, कोकणातल्या, नवऱ्याच्या कारखान्यामुळे आंबिवलीला आलेल्या. कारखाना बंद पडला, नवरा गेला, बाई त्याच चाळीत राहिल्या. त्यांच्या सुनेच्या इस्पितळात पाळ्या, मुलाची फिरतीची नोकरी, म्हणून नातू आजीजवळ वाढला. पुढे मुलाने ठाण्याला, कोलशेतला फ्लॅट घेतला आणि नातवाला नेलं. आजीला लिफ्टची धास्ती, त्या गेल्या नाहीत. पण नातू पहिलीत असल्यापासून त्याच्या वाढदिवसाचा फोन कधी चुकला नाही. नातू मोठा झाला, मिशा फुटल्या, तरी चुकला नाही. नातवाचं नाव सर्वेश. गुणाजीची पोरं जेवताना बघतात, तोच.

"भाऊ," बाईंनी या वेळीही सांगितलं होतं, "नाव जरा सावकाश घ्या हां. मागच्या खेपेला तुम्ही घाईत घेतलंत."

"पाटावर बसायला येणार का सर्वेश?" काकांनी विचारलं होतं.

"येईल तर येईल. मी पाट मांडते. मांडायला काय जातंय."

शेवटचा भाग, आणि एकच वाढदिवस, आणि तोही अशा मुलाचा की ज्याला सगळ्या गावाची पोरं बघतात. काकांच्या मनात एक गोष्ट आली, आणि आली ती जाईना. सर्वेशला आजीच्या पाटावर बसवायचं. एकदा, शेवटचं. म्हणजे आपण ओवाळू तेव्हा समोर कोणीतरी आहे, हे नक्की ठाऊक असेल. देवयानी गेल्यापासून काका कॅमेऱ्याशी बोलत होते खरे, पण वडिलांचा तो पाट हल्ली त्यांना नुसताच लाकडाचा वाटायला लागला होता. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. देवाला तर नाहीच.

*

गुणाजीने गाडी काढली. शीळफाट्याला ट्रक एकमेकांना खेटून उभे होते आणि तासभर कोणी हललं नाही. गुणाजीने तेवढ्यात दोनदा पेरू खाल्ले. कोलशेतला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. खाडीच्या बाजूला उंच इमारती, आणि त्यातल्या एकीत वरच्या मजल्यावर सर्वेशची खोली.

दार एका मुलीने उघडलं. संचिता, सर्वेशचे व्हिडिओ कापून जोडणारी. तिने काकांकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या पिशवीकडे. "काका, सोसायटीची वर्गणी खाली घेतात."

"अगं, हे ते आहेत," आतून आवाज आला. "दिवेलागणवाले."

सर्वेश बाहेर आला आणि खरोखर वाकला. पायाला हात लावला. उंच, बारीक, डोळ्यांखाली काळं. "काका, कसम से, तुम्हाला प्रत्यक्षात बघेन असं वाटलंच नव्हतं. मी तुमच्यासमोर मोठा झालोय."

"तुझ्यासमोर मी म्हातारा झालो," काका म्हणाले, आणि सगळे हसले.

खोलीच्या भिंतींना जाड गाद्या लावल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. मधोमध एक दिवा, भल्या मोठ्या बांगडीसारखा गोल, आणि त्याच्या मध्यात मोबाईल. मोबाईलच्या वर कागदाचे दोन डोळे चिकटवले होते. एक डोळा जरा तिरका लागला होता.

"हे काय रे?"

सर्वेश ओशाळला. "ते... असंच. समोर कोणी नसतं ना. नुसत्या काचेशी बोलायचं म्हणजे पागल झाल्यासारखं वाटतं. कोणतरी बसलंय असं वाटायला पाहिजे."

काकांनी त्या तिरक्या डोळ्याकडे पाहिलं. मग पोराकडे. काय वाटलं ते त्यांना नीट उमगलं नाही, पण वडील आठवले. त्यांनी गुणाजीकडे वळून पाहिलं तर गुणाजीही त्या डोळ्यांकडेच बघत होता.

मग त्यांनी आल्याचं काम सांगितलं. शनिवारी शेवटचा भाग. आजीचा फोन आलाय. सातला तू आंबिवलीला पाटावर बस, एवढंच.

सर्वेशचा चेहरा क्षणभर लहान झाला. "आजी अजून करते फोन?"

"एकही वर्ष चुकली नाही."

"मला बोलली नाय कधी." तो खुर्ची गोल फिरवत राहिला. "काका, सीन असा आहे की शनिवारी माझा बर्थडे लाइव्ह आहे. सातलाच. महिनाभर सांगतोय सगळ्यांना. पोरं शाळेतून येऊन, क्लास करून, सातला बसतात. आता नाय बोललो तर..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"आंबिवलीहूनच कर की मग."

"आजीकडे इंटरनेटची वायर नाय, नि मोबाईलचं नेटवर्क टिकत नाय. आणि हे सगळं," त्याने दिव्याकडे, गाद्यांकडे हात केला, "कुठे नेऊ?" मग एकाएकी तो पुढे सरकला. "काका, तुम्ही इकडे या ना. सातला, माझ्या लाइव्हवर. तबक घेऊन. तुम्ही मला इथेच ओवाळा. तीच प्रार्थना, तीच गोष्ट. जाम भारी होईल. तुम्हाला माहितेय किती पोरं असतात? थांबा, दाखवतो."

त्याने मोबाईल सुरू केला, दोन शब्द बोलला, आणि पडद्याच्या कडेने नावं वर चढायला लागली. काकांनी चष्मा लावला. आधी एकेक, मग भराभर, मुंग्यांची रांग निघावी तशी. कल्याणचं कोणी, ठाण्याचं कोणी, सातारचं, अकोल्याचं. 'दादा आज लवकर?' 'दादा माझं नाव घे ना.' 'दादा माझा पण बर्थडे आहे, नाव घे.'

नाव घे. काकांना त्या दोन शब्दांनी धरून ठेवलं. बरोबर. सगळी पोरं इथे होती तर. हरवली नव्हती, कुठे गेली नव्हती. एका आळीतून उठून दुसऱ्या आळीतल्या देवळात जाऊन बसली होती. आणि तीही तेच मागत होती. नाव घे.

"हे काका कोण?" कोणीतरी लिहिलं. "क्यूट आहेत," दुसऱ्याने लिहिलं.

सर्वेशने बंद केलं. "काय म्हणता?"

"आजीचा पाट मांडलेला असेल रे," काका म्हणाले.

"आजीला मी रविवारी जाऊन भेटेन ना. केक घेऊन. प्रॉमिस."

"उद्या सांगतो," काका म्हणाले. हो म्हणाले नाहीत, आणि नाही म्हणायचं धाडस झालं नाही. खरं सांगायचं तर नाही म्हणावंसंही वाटलं नाही. भरलेला मंडप दिसल्यावर कोणत्या बुवांचा पाय निघतो?

*

परतताना गुणाजीने शीळफाटा ओलांडला. मग म्हणाला, "जा तुम्ही काका. मी जुनाच एखादा भाग लावीन. कोण बघणार हाय?"

"कलावतीबाई."

"त्यांना काय कळणार जुना हाय का नवा?"

"नाव सर्वेशचंच असलं तरी शर्ट वेगळा दिसेल ना माझा. बाई विचारतील."

गुणाजी हसला, पण काका हसले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी वरण-भात खाल्ला, देवापुढचा दिवा सारखा केला. कपाटातून तबक काढलं. तबकाखाली काकूंच्या हिरव्या बांगड्या कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या, त्या तशाच राहू दिल्या. मनाशी म्हणाले, तिकडे गेलो तर हजारो ऐकतील. मुलांना गोष्ट सांगणं ही सेवाच आहे; सेवा जिथे माणसं तिथे. यात गैर काय? गैर काहीच सापडेना. सगळं पटत होतं, आणि तरी तबक हातात धरलं की हात आंबिवलीकडेच वळत होता. देवयानी असती तर तिने एका वाक्यात निकाल लावला असता. ओवाळतात ते पाटावरच्याला, ती म्हणाली असती. ज्याच्यासाठी पाट मांडलाय त्याला सोडून भलत्याला ओवाळायचं नसतं.

पण ती नव्हती, म्हणून त्यांना ते स्वतःलाच म्हणावं लागलं.

सकाळी त्यांनी सर्वेशला फोन केला. "मी इकडेच करतो रे बाळा. तुझं नाव घेईन. जमलं तर तू ये. पाटावर."

"ठीक आहे काका. नो प्रॉब्लेम." जरा थांबून तो म्हणाला, "ट्राय करतो."

त्या 'ट्राय करतो'वर काका शनिवारपर्यंत जगले.

*

शनिवारी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, वडिलांचं उपरणं घेतलं. रंभाबाईंनी साडेसहालाच पट्टा थांबवला. पायरीवर दळणाला आलेलं कोणी नव्हतं. पिठं हल्ली पिशवीतूनच येतात. त्या स्वतः एकट्याच पायरीवर बसल्या होत्या. "आज सावकाश सांगा," म्हणाल्या. "मी खालून ऐकते."

वर गुणाजीने खोली झाडून घेतली होती. कॅमेऱ्याला रुमाल मारला. "काका, एक सांगून ठेवतो. वायरी माझ्या, पण सिग्नल केबल कंपनीचा; साडेसातला तेच बंद करणार, तिकडून. माझ्या हातात नाय. बरोबर साडेसात."

"संपेल तोवर."

"तुमचं कधी संपतं?"

काकांनी पाट मांडला, अक्षता ठेवल्या. सात वाजले, गुणाजीने बोट वर केलं.

प्रार्थना झाली. मग काकांनी नेहमीचा क्रम मोडला आणि ओवाळणं आधी घेतलं. शेवटपर्यंत वेळ राहील न राहील. शिवाय पोरगं शीळफाट्याला अडकलं असेल तर, असा एक विचार मनात येऊन गेला, आणि तेवढ्यासाठी त्यांनी आणखी थोडा वेळ काढला. फुलवात सारखी केली. सुपारी पुसली. गुणाजी मागून हातवारे करत होता, आटपा, आटपा.

"आज आपल्या सर्वेशचा वाढदिवस," काका म्हणाले. "आंबिवलीच्या सर्वेशचा." नाव सावकाश घेतलं. एकेक अक्षर उचलून पाटावर ठेवल्यासारखं. मग तबक धरलं आणि ओवाळायला लागले. एरवी तीनदा ओवाळायचे; आज हात थांबेनात. ज्योत एकीकडे झुकली, पुन्हा सरळ झाली. काचेत त्यांना आपलंच निरांजन उलटं दिसत होतं, आणि त्या पलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं. कोणी बसलं असेल का? टोपी घातली असेल का? त्यांनी चिमटीत अक्षता घेतल्या, आणि पहिल्यांदाच, काचेवर टाकल्या.

गुणाजी ओरडला नाही.

मग गोष्ट. खाडीपलीकडच्या बेटावर एक देऊळ होतं. गावातली एक म्हातारी रोज संध्याकाळी नावेतून जाऊन तिथे दिवा लावून यायची. नावाडी म्हणायचा, आजी, तिथे चिटपाखरू नाही, दिवा कोणासाठी? म्हातारी म्हणायची, वल्हव तू. एके दिवशी म्हातारीला ताप आला. ती गेली नाही. आणि नेमका त्या संध्याकाळी नावाडी एकटाच जाळं काढायला खाडीत गेला, आणि धुकं उतरलं. असं धुकं की वल्ह्याचं टोक दिसेना. नाव गरगर फिरली, किनारा कोणता ते कळेना. नावाडी मनात म्हणाला, आज तर दिवा लावणारीच आली नाही, आता मी कशाच्या आधाराने...

गुणाजीने हात खाली घेतला. समोरच्या छोट्या टीव्हीवर काकांचं तोंड जिथे होतं तिथे निळा पडदा आला.

"झालं," गुणाजी म्हणाला. "गेलं."

काका तसेच बसून राहिले, तोंड अर्धवट उघडं. जन्मात कधी आख्यान अर्धं सोडलं नव्हतं. खालून रंभाबाईंचा आवाज आला, "काय झालं, थांबलात का?" आणि गुणाजी त्यांना सांगायला खाली उतरला.

फोन वाजला. कोपऱ्यातला जुना, तारेचा, ज्याचा नंबर पडद्याखाली दाखवायचे तो. काकांनी उठून घेतला.

"भाऊ, पोचलं हो," कलावतीबाई म्हणाल्या. दरवर्षी ओवाळून झालं की त्या एवढाच निरोप द्यायच्या. "नाव छान घेतलंत."

काकांनी विचारायच्या आधी घसा साफ केला. "सर्वेश आलाय का?"

"नाही हो. कामात असेल."

बाईंनी ते अगदी साधेपणाने म्हटलं. फोनमधून लांबून हसण्याचा आवाज येत होता, आणि त्यात एक ओळखीचा, भरभर बोलणारा आवाज.

"कोण आहे तिकडे?"

"शेजारची पोरं. भिंतीपलीकडे. मोबाईलवर त्यालाच बघतायत. मगापासून ऐकतेय, खिदळतायत नुसती." बाई क्षणभर थांबल्या, भिंतीला कान लावल्यासारख्या. "घसा बसलाय त्याचा. थंड पाणी पीत असणार. पण बोलतोय चांगला. म्हणजे बरा आहे."

"पाट मग..." काका म्हणाले, आणि थांबले.

"त्याचंच सांगणार होते. तुम्ही तबक धरलंत, तरी दाराशी कोणी येईना. रिकाम्या पाटाला ओवाळलेलं बरं दिसत नाही हो. तेव्हा मीच बसले." बाईंचा आवाज जरा खाली आला. "पदर घेतला डोक्यावरून आणि बसले. चाललं ना, भाऊ? माझं ह्या वयात कोण ओवाळतंय. तुम्ही आपले थांबेचनात, ओवाळतच होतात. मला कसंतरीच झालं."

काकांनी कॅमेऱ्याशेजारच्या पाटाकडे पाहिलं. अक्षता होत्या तशा होत्या. काचेवरच्या दोन-चार खाली ओघळल्या होत्या.

"चाललं," ते म्हणाले. "चाललं, कलावतीबाई."

"आता टीव्ही निळाच झालाय. उद्यापासून असाच राहणार का?"

"हो."

"बरं." पलीकडे पाट सरकवल्याचा आवाज झाला. "पण त्या नावाड्याचं काय झालं? तुम्ही मध्येच गेलात. असं अर्ध्यात उठू नये, तुम्हीच सांगता."

काकांनी खुर्ची फोनजवळ ओढली. निरांजनात तूप शिल्लक होतं, ज्योत चांगली तेवत होती. फोनमध्ये मागे पोरं पुन्हा हसली, सर्वेश काहीतरी म्हणाला, ते कळलं नाही.

"टेकलात का?" त्यांनी विचारलं.

"टेकले. पाटावरच आहे."

"तर नावाडी म्हणाला, आता मी कशाच्या आधाराने जाऊ. धुकं एवढं दाट, एवढं दाट..."

"हं," कलावतीबाई म्हणाल्या.